फेरी कोपऱ्यातल्या खाटेपासून

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. आत्ता माझ्या अंगावर एक छत्री, एक कापडी पिशवी आणि दाराच्या किल्ल्या लटकत आहेत. तुम्ही या घरात आलात तर मला कपडे टांगायचा दांडा समजाल आणि आपला कोट माझ्या हवाली कराल. माझी हरकत नाही. वजन पेलणे हे माझे काम आहे. ते कशाचे असावे, हे मी कधी ठरवलेले नाही.

मित्रांनो, माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन नळ्या घेतल्या, एक जाड आणि एक तिच्या पोटात सरकेल इतकी बारीक. बारीक नळीच्या डोक्यावर चार आकडे वाकवले. जाड नळीच्या पायाशी फाटे जोडले आणि प्रत्येक फाट्याला एक चाक दिले. दोन्ही नळ्या जिथे भेटतात तिथे बोटांनी पिळायचा एक स्क्रू बसवला. तो सैल केला की मला उंच किंवा बुटके करता येते, आवळला की मी तिथेच थांबतो. सलाईनची पिशवी रुग्णाच्या हातापेक्षा वर असावी लागते, म्हणजे आतले पाणी आपल्याच वजनाने शिरेत उतरते. पिशवी जितकी उंच, तितका जोर अधिक. माझे सगळे शास्त्र एवढ्यात संपते. बाकीचे शास्त्र माणसांचे आहे आणि ते मी उभ्या उभ्या शिकलो.

एका इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना खाटा, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. माझी चाके वाजत नसत म्हणून मला मागणी होती. ‘तो गुपचूप चालणारा स्टँड आणा,’ असे सांगितले जाई. बरे होत आलेले रुग्ण एका हाताने मला धरून खिडकीपर्यंत फेरफटका मारत, आणि एक पेन्शनर तर मला ‘चला साहेब’ म्हणून हाक मारत. ते घरी गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांशी हात मिळवला, मग माझ्या नळीवर हात ठेवला. माझे कौतुक असे अधूनमधून होई.

त्याच वॉर्डात एक नवी सिस्टर आली. शांत स्वभावाची, चपला न घासता चालणारी. नव्या मुली जिकडून हाक येईल तिकडे धावत. ही मात्र कामावर आली की आधी कोपऱ्यातल्या खाटेकडे जाई, म्हणजे ज्याने हाक मारलेली नाही त्याच्याकडे. एकदा मोठ्या सिस्टर तिच्यावर कडाडल्या.

“अगं, तिकडे तो बोंबलतोय आणि तू इकडे काय करतेस?”

“तो बोंबलतोय म्हणजे त्याचा श्वास नीट चाललाय, मॅडम. हा सकाळपासून बोललेला नाही.”

त्यानंतर मोठ्या सिस्टर स्वतःही कोपऱ्यात एक नजर टाकू लागल्या.

त्या वॉर्डात सामान नेहमी कमी असे. शिरेत लावायच्या सुया तर फारच कमी. त्यामुळे तिथे एक रीत पडली होती. लावलेली सुई सहसा काढायची नाही. कधी सुई शिरेतून निसटते, पाणी मांसात उतरते आणि हात सुजून गार पडतो. अशा वेळी तिथल्या सिस्टर थेंब कमी करत, हात सरळ करत, शेक देत आणि त्याच सुईवर काम भागवत. कुणी ते शिकवले नव्हते. ते हातात बसले होते. आमच्या सिस्टरच्याही हातात बसले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे ती कामाला येणार आहे.

वर्षे गेली आणि माझ्या स्क्रूचे आटे झिजले. पिशवी टांगली की मी हळूहळू खाली बसू लागलो. सिस्टरने स्क्रूभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि माझे आयुष्य थोडे वाढवले. मग चकचकीत नवे स्टँड आले. मला मागच्या अंगणात, मोडक्या खाटांच्या शेजारी नेऊन उभे केले. ऊन, धूळ आणि कबुतरे. तिथे मी किती काळ होतो ते सांगता येणार नाही, कारण तिथे मोजण्यासारखे काही घडत नसे.

एके दिवशी सिस्टर आली, पण गणवेशात नव्हती. तिचे सासरे अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या सेवेसाठी तिने नोकरी सोडली होती. सामानघराच्या माणसाकडे तिने मला मागितले.

“हा नेऊन काय करणार, सिस्टर? स्क्रू गेलाय त्याचा.”

“असू दे. माझ्या ओळखीचा आहे.”

अशा रीतीने मी या घरात आलो. पुढच्या खोलीत सासऱ्यांची खाट होती, तिच्या उशाशी मी. ते तिला थट्टेने ‘सिस्टर’ म्हणत. ‘सिस्टर, चहा मिळेल का, की डॉक्टरांची चिठ्ठी लागेल?’ हळूहळू सासूबाई आणि तिचे यजमानही तिला सिस्टरच म्हणू लागले. तिने सासऱ्यांचे सगळे काही केले आणि एके दिवशी सकाळी, झोपेतच, ते गेले. खाट हलवली. सलाईनची पिशवी उतरवली. कुणीतरी माझ्यावर छत्री अडकवली, आणि ती तिथेच राहिली.

सिस्टर पुन्हा नोकरीवर जायला निघाली तेव्हा कळले की तिच्या परवान्याची मुदत कधीच संपली आहे. परवान्याशिवाय परिचारिकेला रुग्णाला हात लावता येत नाही. नियम असा होता की इतकी वर्षे कामापासून दूर राहिलेल्यांनी परवाना परीक्षा पुन्हा द्यायची. दोनदा संधी. दोन्ही वेळा नापास झाल्यास शिक्षण पहिल्या वर्षापासून परत. तिच्या वयाला ते जमणारे नव्हते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून ते कुणी बोलून दाखवत नसे.

पहिल्या खेपेचे वेळापत्रक यजमानांनी आखले. ते इमारतींचे नकाशे काढतात. त्यांनी मोठ्या कागदावर रंगीत चौकोन काढले, प्रत्येक विषयाला सारखा वेळ, मधे विश्रांतीचे हिरवे चौकोन. कागद भिंतीवर फार शोभून दिसे. पण पाहुणे आले की एक चौकोन बुडे आणि मग सगळी रांगच एकेक घर पुढे सरके. शेवटी परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात श्वसनसंस्था आली.

“वेळापत्रकात काही चूक नव्हती,” यजमान म्हणाले.

“नव्हतीच,” सासूबाई म्हणाल्या. “चूक एवढीच की ते माणसासाठी केलं होतंस. जिन्यासाठी केलं असतं तर टिकलं असतं.”

ती नापास झाली. निकाल फोनवर आला. तिने तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि माझ्यावरच्या छत्रीचे पाणी टिपायला फडके आणले. छत्री कोरडी होती.

दुसऱ्या खेपेला तिने स्वतःच्या पद्धतीने आखणी केली. छत्री आणि पिशवी उतरवली, माझी नळी पुसली आणि माझ्या चारही आकड्यांना एकेक चिठ्ठी बांधली: अत्यवस्थ, गंभीर, स्थिर आणि घरी सोडण्याजोगा. मग प्रत्येक विषयाचे एक जाड कार्ड केले, त्याला भोक पाडले आणि दोरा ओवला.

“हे काय चाललंय?” सासूबाईंनी विचारले.

“विषयांना दाखल करून घेतेय, आई. रोज फेरी मारायची. जो जास्त आजारी, त्याला जास्त वेळ. सुधारला की पुढच्या आकड्यावर. वॉर्डात आम्ही काम असंच वाटून घेतो. चौकोनात मला नाही जमत.”

औषधांच्या मात्रांची गणिते, हृदयाचे आलेख, संप्रेरके आणि लहान मुलांचे आजार ही मंडळी अत्यवस्थ म्हणून दाखल झाली. दुपारची कामे उरकली की सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवत आणि प्रश्नसंचातून प्रश्न वाचत. सिस्टर कपड्यांच्या घड्या घालता घालता उत्तरे देई. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असत आणि सासूबाई ते अशा आवाजात वाचत, जणू चारही पर्यायांनी काहीतरी लपवले आहे.

घरात बोलणेही तसेच होऊ लागले. एकदा यजमान फोनवर असताना मागून सासूबाईंचा आवाज गेला, “हृदय अजून अत्यवस्थच आहे, पण मूत्रपिंड उद्या घरी सोडू.” दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते आणि साहेबांनी विचारले, काही मदत हवी का.

कार्डे पुढे सरकू लागली. संप्रेरके ‘गंभीर’वरून ‘स्थिर’वर आली. सिस्टरच्या चेहऱ्यावर वॉर्डातली जुनी कळा दिसू लागली. फक्त एक गठ्ठा तिने कधी टांगला नाही. ‘रुग्णसेवेची मूलतत्त्वे’ हे प्रश्नसंचातले पहिले प्रकरण. त्याची कार्डे रबर लावून खिडकीत ठेवली होती.

“ही का नाही टांगली?” सासूबाईंनी विचारले होते.

“ती तर डाव्या हातचा मळ, आई. इतकी वर्षं तेच केलंय. त्यावर वेळ कशाला घालवू?”

परीक्षा जवळ आली तशा सासूबाई थकल्या. औषधांची नावे त्यांच्या जिभेला पेलवत नसत. एका दुपारी त्यांनी प्रश्नसंच मिटला आणि उघडला तो पहिल्या पानावर.

“आज सोप्पं विचारणार. माझे दात पडायचे बाकी आहेत तेही त्या औषधांनी पडतील.”

“विचारा काहीही,” सिस्टर म्हणाली आणि उशीला अभ्रा चढवू लागली.

“रुग्णाला सलाईन चालू आहे. सुई लावलेल्या जागी हात सुजला आहे आणि गार लागतो आहे. सर्वप्रथम काय कराल? अ, थेंबांची गती कमी करणे. ब, सलाईन बंद करणे. क, डॉक्टरांना कळवणे. ड, शेक देणे.”

“अ.” तिने मान वर केली नाही.

सासूबाईंनी मागचे पान उलटले. पुन्हा पुढे आल्या. पुन्हा मागे गेल्या.

“ब म्हणतंय हे.”

“छापायची चूक असेल.”

“खाली कारण दिलंय. पाणी शिरेबाहेर जातंय, तर हळू गेलं तरी बाहेरच जाणार. आधी बंद करा. सुई काढा.”

उशी अर्ध्या अभ्र्यात तशीच राहिली. सिस्टरने माझ्याकडे पाहिले. मी रिकामा उभा होतो, पण तिला माझ्यावर पिशवी दिसत असावी.

“पुढचा वाचा, आई.”

“रुग्ण पलंगावरून खाली पडला आहे...”

“उचलून पलंगावर.”

“नाही. आहे तिथेच ठेवून तपासा, मोडलंबिडलं आहे का बघा.”

“पुढचा.”

“औषध देण्याआधी रुग्णाची ओळख कशी पटवाल?”

“खाटेचा नंबर बघून,” सिस्टर म्हणाली, आणि तिचे तिलाच ऐकू आले. “नाही. थांबा. त्याच्याच तोंडून नाव विचारायचं. मनगटावरची पट्टी बघायची.”

सासूबाई वाचत राहिल्या. कधी तिचे उत्तर बरोबर येई, बहुतेकदा येत नसे. ती विसरली नव्हती, उलट तिला फार चांगले आठवत होते. सामान कमी, माणसे कमी, वेळ कमी अशा जागी जे करावे लागे, तेच उत्तर तिचे हात न विचारता देत होते. आजवर हे कळायला मार्ग नव्हता, कारण घरात तिला ते कुणी विचारलेच नव्हते.

संध्याकाळी यजमान आले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, मांडीवर रबर काढलेला गठ्ठा.

“अगं, एवढंसं प्रकरण. दोन दिवसांत होईल,” ते म्हणाले.

“अहो, मागच्या वेळी मी इथंच बुडाले. गणितं मला आली होती. मला वाटत राहिलं, गणितांनी घात केला.” गठ्ठ्यातले वरचे कार्ड उलटत ती म्हणाली, “वॉर्डात मी फेरी कुठून सुरू करायचे? कोपऱ्यातल्या खाटेपासून. जो ओरडत नाही त्याच्यापासून. आणि घरी येऊन मी ओरडणाऱ्यांच्याच मागे धावत बसले.”

यजमानांनी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो सगळा गठ्ठा ‘अत्यवस्थ’च्या आकड्यावर आला. हृदयाच्या आलेखांना सरकून जागा द्यावी लागली. आता रोजची फेरी त्याच कार्डांपासून सुरू होई. नुसते पाठ करून हे सुधारणारे नव्हते. डोक्याला पटलेले हाताला पटत नाही. म्हणून तिने एक रिकामी पिशवी नळीसकट मिळवली, पाण्याने भरली आणि कितीतरी काळाने माझ्यावर सलाईन टांगली. रुग्ण म्हणून सासूबाई. त्यांच्या हाताला नळी नुसती चिकटवलेली.

“आई गं! मेले!” सासूबाई ओरडल्या.

“ओरडू नका. तुम्ही शांत रुग्ण आहात.”

“मग हात सुजलाय हे तुला कळणार कसं?”

“मीच येऊन बघायचं असतं, आई. तुम्ही काही बोलायचं नाही.”

“हे अवघड आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि तोंड मिटून बसल्या. बराच वेळ बसल्या, हेही सांगितले पाहिजे.

ती येई, हाताला स्पर्श करी, नळीवरची चकती फिरवून पाणी बंद करी. पुन्हा. पुन्हा. सुरुवातीला तिची बोटे थेंब कमी करून थांबत. मग एका दुपारी सासूबाईंशी भलत्याच गोष्टीवर बोलता बोलता तिने चकती पूर्ण बंद केली आणि तिचे तिलाच नंतर लक्षात आले. त्या दिवशी ते कार्ड ‘स्थिर’वर गेले.

परीक्षेच्या दिवशी मी अर्थातच इथे होतो. तिथे काय विचारले, तिने काय लिहिले, मला माहीत नाही. ती परत आली, पाय धुतले आणि झोपली. निकाल आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. यजमानांनी फोन वाचला आणि “सिस्टर!” एवढेच ओरडले. सासूबाईंनी माझी नळी घट्ट धरली. झिजलेल्या स्क्रूमुळे मी वितभर खाली बसलो. तिला परवाना मिळाला होता.

कार्डे उतरली. चिठ्ठ्या सुटल्या. छत्री परत आली. सिस्टर त्याच इस्पितळात रुजू झाली आणि पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता. एका संध्याकाळी तिच्या नणंदबाई फुले घेऊन आल्या आणि ती घरी येण्याआधीपासून बोलत होत्या.

सिस्टर दारातून आत आली तेव्हा एकच गलका झाला. “वहिनी, आधी फोटो!” “अगं, घरी विसरलेला तुझा फोन वाजतोय कधीचा.” माझ्या शेजारच्या खुर्चीत मात्र सासूबाई चष्म्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसल्या होत्या. त्या सगळ्यांच्या बोलण्यावर हसत होत्या. प्रश्नसंच कपाटात गेल्यापासून त्यांच्या दुपारा रिकाम्या झाल्या होत्या आणि तसे त्या कुणाला म्हणाल्या नव्हत्या.

सिस्टरने पिशवी माझ्या आकड्याला अडकवली. खोलीकडे एकदा पाहिले, आणि कपडेही न बदलता सरळ खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली.

“आई, एक विचारते. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ आहेत. ताप नाही, दुखणं नाही. पण सकाळपासून जेवले नाहीत आणि कुणाशी बोललेही नाहीत. सर्वप्रथम काय कराल?”

सासूबाई सरळ बसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला.

“असं नाही चालत,” त्या म्हणाल्या. “आधी चार पर्याय सांग.”

मित्रांनो, आता रोज संध्याकाळी एक रुग्ण माझ्या शेजारी येतो, चार पर्याय घेऊन. सासूबाईंची उत्तरे पुष्कळदा चुकतात आणि त्या पुस्तकाला दोष देतात. मी छत्री धरून ऐकत असतो.

एक सांगायचे राहिले. माझ्या स्क्रूवरची चिकटपट्टी सुटत आली आहे आणि मी रोज थोडा खाली बसतो. याचे मला फारसे वाईट वाटत नाही. जुन्या वस्तूंचे असे होतेच. पण माझ्यासारख्या वस्तूंना हाक मारता येत नाही, आणि काही माणसांना येत असूनही ती मारत नाहीत. तुमच्या घरातही अशी एखादी खुर्ची, एखादा कोपरा असेल. ‘ते सगळं ठीक आहे’ असे ज्याच्याबद्दल तुम्ही न पाहताच म्हणत असाल, तिथे आज आधी जा. हात लावून पाहा. आणि जाता जाता, जमले तर, एखादा स्क्रू आवळा.